त्या सात्या नव्हत्या

श्रावणातला शेवटचा रविवार होता, पोळा तीन दिवसांवर. नागपुरात चार दिवस लागलेली झड शनिवारी रात्री उघडली आणि सकाळी असं ऊन पडलं की आमच्या लेआउटच्या मैदानातून वाफ निघताना दिसत होती. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन घाईत निघाले होते. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या, पदराच्या ओच्यात काहीतरी पांढरं होतं. "बाई, सात्या फुटल्या जी मैदानात," त्या आनंदाने म्हणाल्या. सात्या म्हणजे पावसाळ्यात वाळवीच्या घरावर उगवणाऱ्या, भाजी करून खायच्या रानछत्र्या, म्हणजे मशरूम. मी "अरे वा" म्हटलं आणि स्कूटर सुरू केली. ओच्यात काय आहे ते पाहिलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, कवकांचा, म्हणजे बुरशी आणि छत्र्यांचा भाग वर्गात माझ्याकडेच असतो, आणि मी पाहिलं नाही. हे प्रकरण लिहायला घेताना ही गोष्ट आधी सांगायला हवी होती.

काकू मूळच्या गोंदिया जिल्ह्यातल्या, जंगलाला लागून असलेल्या गावच्या. पावसाळ्यात पहाटे उठून सात्या आणायच्या, घरापुरत्या ठेवून उरलेल्या आठवडी बाजारात वाटे लावून विकायच्या, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. त्यांच्या घरी श्रावणात मटण बंद असतं, त्यामुळे सात्यांची भाजी म्हणजे महिन्याचा सण. लग्न होऊन, पुढे मुलाच्या नोकरीमुळे त्या नागपुरात आल्या आणि सात्या सुटल्या. त्या दिवशी दहा-बारा वर्षांनी त्यांना दारासमोर सात्या दिसल्या होत्या.

दुपारी पावणेतीनला त्यांच्या मुलाचा फोन आला. एक वाजता तो आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा जेवले. काकू सगळ्यांत शेवटी, पावणेदोनला बसल्या. सून ड्युटीवर होती. दोन-सव्वादोनला पोराच्या पोटात मुरडा आला, मग उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. अडीचला मुलालाही मळमळायला लागलं. त्याने पोराला मागे बसवून जवळचं रुग्णालय गाठलं होतं आणि तिथले डॉक्टर एकच विचारत होते: मशरूम कोणतं होतं?

"आई म्हणते सात्या. तुम्ही येऊन पाहता का?"

घड्याळावरून काय कळलं

रिक्षाची वाट पाहताना मी डॉक्टरांशी फोनवर बोलले. छत्र्यांच्या विषबाधेत पहिला पुरावा छत्रीचा नसतो, वेळेचा असतो. जेवणानंतर तास-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुतेक वेळा विष पोट आणि आतडी खवळवणारं असतं. माणूस हैराण होतो, अंगातलं पाणी जातं, लहान मुलाला सलाईन लागू शकतं, पण एक-दोन दिवसांत तो उठून बसतो. याच्या उलट, सगळ्यांत घातक छत्र्यांमधलं विष सहा ते चोवीस तास गप्प बसतं. मग उलट्या-जुलाब होतात, पुढे दिवसभर बरं वाटतं, घरी सोडलं जातं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत आतून निकामी होत असतं. अ‍ॅमानिटा या गटातल्या काही छत्र्यांचं हे काम. शिजवून, उकळून, पहिलं पाणी फेकून ते विष जात नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानातल्या छत्र्या खाऊन किमान 13 माणसं गेली, त्यांतली बरीच चहामळ्यांतल्या मजुरांच्या घरांतली होती.

आपल्या पोराला तासाभरात त्रास सुरू झाला होता. म्हणजे घातक नाही, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह मला झाला आणि डॉक्टरांनाही झाला असणार. पण त्यांनीच विचारलं, "मॅडम, भाजीत एकच जात होती हे नक्की का?" प्रश्न अगदी नेमका होता. ओच्यात चोवीस छत्र्या असतील आणि त्यांतल्या बावीस एका जातीच्या, दोन दुसऱ्या, तर पहिल्या जातीच्या उलट्या दुपारी दोनला सुरू होतील आणि दुसरीचं विष रात्रीपर्यंत गप्प राहील. लवकर उलट्या झाल्या म्हणून उशिराचं विष नाही असं ठरत नाही. म्हणून माझं काम नुसतं नाव शोधण्याचं राहिलं नाही. उरलेल्या प्रत्येक छत्रीला वेगळं पाहून, सगळ्या एकाच जातीच्या आहेत की नाहीत, हे सांगायचं होतं.

मी त्यांना सांगितलं की शिजवलेली भाजी फेकू नका, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कच्च्या उरल्या असतील त्या धुऊ नका. आणि कचऱ्याची पेटी गाडीत रिकामी करू नका.

सूप आणि कचऱ्याची पेटी

काकू घरीच होत्या. त्यांनी थोडी भाजी खाल्ली होती, नुकतीच एक उलटी झाली होती, पण दवाखान्यात यायला तयार नव्हत्या. "मले काई नाई होत. पोराचं पाहा." मी पुढचं काही बोलायच्या आधी त्यांना रिक्षात बसवून मुलाकडे पाठवलं. जाताना त्या फाटकात थांबून म्हणाल्या, "बाई, मी साठ वर्सं सात्या खाऊन राहिली." आवाजात भांडण नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं की काय चुकलं.

सुपात अकरा छत्र्या उरल्या होत्या. सात उघडलेल्या, चार मिटलेल्या. मिटलेल्या म्हणजे टिपरीच्या टोकाला लिंबू खोचावं तशा. उघडलेल्यांतल्या बहुतेक पुरीएवढ्या, एक मात्र लहान भाकरीएवढी. टोपी पांढरी, मधोमध तपकिरी टिकली, आणि तिच्याभोवती फुटलेल्या पापडाचे तुकडे चिकटवावेत तसे तपकिरी खवले, काठाकडे विरळ होत गेलेले. देठ गुळगुळीत पांढरा, बोटाएवढा जाड, पोकळ. देठावर जाड दुहेरी काठाचं कडं, बोटाने ढकललं तर बांगडीसारखं वर-खाली सरकणारं. टोपी उलटी केली की पुस्तकाच्या पानांसारखे दाट उभे पापुद्रे दिसतात, त्यांना आपण वर्गात कल्ले म्हणतो. हे कल्ले देठापर्यंत येऊन देठाला न चिकटता थांबलेले. आणि रंग? पांढरा. सातही छत्र्यांत पांढरा, एका-दोघींत किंचित पिवळसर.

खवले आणि सरकणारं कडं पाहून माझ्या मनात एक नाव आलं होतं. पण ज्या रंगावरून त्या जातीला नाव मिळालं आहे तो रंगच समोर नव्हता. पांढरे, देठापासून सुटे कल्ले आणि देठावर कडं ही लक्षणं अ‍ॅमानिटातही असतात. घरात बसून मला याच जोडीची भीती वाटत होती.

अ‍ॅमानिटा ओळखायची खूण देठाच्या बुडाशी असते. कोवळी असताना अख्खी छत्री एका पांढऱ्या आवरणात अंड्यासारखी गुंडाळलेली असते, आणि ती वाढून वर आली की आवरणाची फाटकी पिशवी बुडाशी राहते, बहुधा मातीत गाडलेली. काकूंनी भाजीसाठी निवडताना सगळ्या छत्र्यांची मातकट बुडं विळीने कापून टाकली होती. उरलेल्या अकरांपैकीही नऊ बुडाशी कापलेल्या. कोणीही सुगरण हेच करेल. पण डॉक्टरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कापलेल्या तुकड्यांत होतं.

म्हणून मी ओट्याजवळ जुना पेपर पसरला आणि कचऱ्याची पेटी त्यावर पालथी केली. कांद्याची सालं, लसणाची टरफलं, चहाचा चोथा, आणि त्यात मातीने माखलेले बोटभर तुकडे. एकेक धुऊन ओळीने मांडले. बावीस निघाले. सुपातल्या दोन छत्र्यांना बूड शाबूत होतं, म्हणजे एकूण चोवीस. काकूंनी नंतर सांगितलं की त्यांनी "दोन डझनाच्या आसपास" आणल्या होत्या. चोवीसही बुडं किंचित गोल फुगलेली, गुळगुळीत, पांढऱ्या तंतूंना माती धरलेली. एकाही बुडाला पिशवी नव्हती, पिशवीचा फाटका काठ नव्हता, वलयासारखे चट्टे नव्हते. दोन-तीन तुकडे उभे चिरले तर कापलेल्या जागी मांस हळूहळू तांबूस झालं.

चार मिटलेल्या छत्र्याही उभ्या चिरल्या. आत छोटी टोपी, छोटे कल्ले, देठाला चिकटलेलं कोवळं कडं, सगळं एकाच नमुन्याचं. बाहेर अंड्यासारखं आवरण कशालाही नाही.

साडेचारला डॉक्टरांना एवढंच सांगितलं: अ‍ॅमानिटाची एकही खूण सापडलेली नाही, चोवीस बुडं तपासली आहेत, पण नाव उद्या सकाळी सांगेन. त्यांनी पोराला सलाईन लावलं होतं. यकृताच्या तपासणीसाठी रक्त त्या दिवशी घेतलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचं ठरवलं, आणि नाव कळेपर्यंत कोणालाच घरी सोडायचं नाही असं सांगितलं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राशीही ते बोलले. तिथेही वेळ, बुडाची पिशवी आणि बीजाणूंचा, म्हणजे छत्रीच्या बियांसारख्या कणांचा रंग याच तीन गोष्टी विचारल्या गेल्या.

कागद

बीजाणूंचा ठसा घेणं ही पोरखेळासारखी सोपी आणि तरीही सगळ्यांत भरवशाची चाचणी आहे. कल्ल्यांवर लाखो बीजाणू तयार होतात आणि खाली गळतात. एक बीजाणू डोळ्याला दिसत नाही, पण रात्रभर एका जागी गळले की कागदावर कल्ल्यांच्या रेषांची नक्षी उमटते, आणि त्या राशीचा रंग त्या गटाचा ठरलेला असतो. अ‍ॅमानिटाचा पांढरा. सात्यांचा मळकट गुलाबी. तणसीवर येणाऱ्या धानाच्या छत्रीचा गुलाबी. बाजारातल्या बटन मशरूमच्या वंशाचा चॉकलेटी. कल्ल्यांचा रंग वयानुसार बदलतो, बीजाणूंचा ठसा फसवत नाही.

देठ टोपीच्या लगत कापायचा, टोपी कल्ल्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवायची, वरून पाण्याचा एक थेंब द्यायचा, वाटी पालथी घालायची आणि पंखा बंद ठेवायचा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, आणि 'काहीच पडलं नाही' असं समजून माणूस फसतो. मी काकूंच्या नातवाच्या हस्तकलेच्या वहीतला काळा कागद काढून पांढऱ्याशेजारी चिकटवला. सात टोप्या, सात वाट्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीने क्रमांक. टेबलावर त्याचा लाकडी बैल होता, तान्ह्या पोळ्यासाठी अर्धवट रंगवलेला. तो उचलून कपाटावर ठेवला आणि त्या जागी सहावी-सातवी वाटी ठेवली.

मग खुरपी आणि टॉर्च घेऊन मैदानात गेले. काकूंनी जवळजवळ सगळं साफ केलं होतं, पण कापलेल्या देठांच्या जागा गवतात दिसत होत्या. त्या जोडल्या तर मोठ्या वर्तुळाचा तुकडा होत होता, दोन्ही टोकं धरून सहा-सात पावलांचा. कवकाचं जाळं जमिनीखाली एका बिंदूपासून चहूबाजूंनी पसरत जातं, आतलं अन्न संपवत बाहेर सरकतं, आणि छत्र्या त्याच्या कडेवर उगवतात. त्या कडेवरचं गवतही इतर गवतापेक्षा गडद असतं, कारण कुजलेल्या पदार्थांतला नत्र तिथे मोकळा होतो. हे कडं मैदानातल्या काळ्या मातीवर लॉन लावताना टाकलेल्या शेणखतावर जगत होतं.

तीन जागी वीतभर खोल खणलं. पांढरे तंतू, कुजकं गवत, गांडुळं. वाळवीचं घर नाही, वाळवीच नाही. कुंपणाच्या मेंदीखाली एक म्हातारी छत्री आडवी पडलेली सापडली, काकूंच्या नजरेतून सुटलेली. तिचे कल्ले राखाडी दिसले, आणि मला वाटलं की त्यात हिरवट झाक आहे. पण वर रस्त्यावरचा पिवळा दिवा होता, त्या उजेडात माझी साडीही हिरवट दिसत होती. त्या रंगावर मी विश्वास ठेवला नाही. छत्री कागदात गुंडाळून घेतली.

रात्री आठला एक वाटी उचलून पाहिली. काळ्या कागदावर धुरकट रेषा, पांढऱ्यावर जवळपास काही नाही. हा क्षण मला अजून आठवतो, कारण तो पांढऱ्या ठशासारखा दिसत होता, आणि पांढरा ठसा म्हणजे अ‍ॅमानिटाचं दार पुन्हा उघडलं. बुडं स्वच्छ होती हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा जाऊन चोवीसही बुडं मोजली. मग वाटी जागच्या जागी ठेवली. थर पातळ असताना रंग कळत नाही, एवढीच गोष्ट होती, पण त्या रात्री तिकडे रुग्णालयात माणसं होती आणि इकडे मला फक्त थांबायचं होतं.

पहाटे साडेपाचला पडदा सरकवून पूर्वेच्या उजेडात पहिली वाटी उचलली.

हिरवा. मेंदीची कोरडी पूड कागदावर चाळावी तसा मळकट हिरवा, कल्ल्यांच्या बारीक रेषांसकट. दुसरी हिरवी, तिसरी हिरवी. सातांपैकी सहांनी हिरवा ठसा दिला. सातवी फार कोवळी होती, तिने काहीच टाकलं नव्हतं. तिला ताजा कागद देऊन पुन्हा झाकलं, आणि दुसऱ्या रात्री तिनेही फिका हिरवा ठसा दिला. मेंदीखाली सापडलेल्या म्हातारीचे कल्ले दिवसाच्या उजेडात उघड हिरवट राखाडी होते.

हिरव्या बीजाणूंच्या कल्लेवाल्या छत्र्या जगात फार थोड्या आहेत. हिरवा ठसा, खवल्यांची मोठी पांढरी टोपी, सरकणारं दुहेरी कडं, पिशवी नसलेलं बूड आणि मैदानातलं वर्तुळ, हे सगळं एकत्र आलं की नाव एकच उरतं: क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मेयर याने 1818 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यावरून हिचं वर्णन केलं, आणि 1898 मध्ये इंग्रज कवकशास्त्रज्ञ मॅसी याने तिला या वेगळ्या वंशात ठेवलं. वंशाच्या नावाचा अर्थ हिरवं पान, म्हणजे हिरवा कल्ला. जातीच्या नावात शिशाचा ग्रीक शब्द आहे, शिशासारखा राखाडी. मराठीत तिला स्वतंत्र नाव माझ्या ऐकण्यात नाही. मी वर्गात तिला 'हिरव्या बीजाणूंची मैदानी छत्री' म्हणते. उष्ण प्रदेशांत जिथे लॉन आहे तिथे ती सापडते, आणि छत्रीच्या विषबाधेचं ती अनेक देशांत फार नेहमीचं कारण आहे.

सहा वाजता डॉक्टरांना फोन केला. मग सकाळी महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: बीजाणू जाड भिंतीचे, लंबगोल, एका टोकाला कापल्यासारखे सपाट, तिथे उगवणीचं छिद्र. मोजलेले वीस बीजाणू 9 ते 12 मायक्रोमीटर लांब, 7 ते 8 रुंद. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात तांबडे-तपकिरी झाले. सगळं जुळलं. याच्यापुढे डीएनए तपासायची या प्रकरणात गरज नव्हती.

काकूंचं कुठे चुकलं

पोराच्या उलट्या रविवारी रात्री अकराला थांबल्या होत्या, जुलाब सोमवारी दुपारी. काकूंना आणि मुलाला एकच दिवस त्रास झाला. तिघांच्याही यकृताच्या तपासण्या तिन्ही दिवशी ठीक आल्या. तान्ह्या पोळ्याला पोरगं घरी होतं, बैलाची एक बाजू न रंगवताच तो मिरवायला नेला.

गल्लीत मात्र एक वाक्य फिरू लागलं: खेड्यातल्या बाईला काय कळतं. मला ते फार लागलं. मी दोन दुपारी काकूंसोबत बसून त्यांनी सात्या कशा ओळखल्या हे एकेक करून विचारलं, आणि त्यांची प्रत्येक खूण आपल्या जागी बरोबर होती.

पावसानंतर ऊन पडलं की एका रात्रीत फुटतात. बरोबर. घोळक्याने येतात. बरोबर. पांढऱ्या, मधोमध काळपट. बरोबर. देठावर कडं असतं. हेही बरोबर. सात्या ज्या वंशात येतात त्याला फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम याने 1942 मध्ये टर्मिटोमायसिस असं नाव दिलं, आणि त्याच्या सन्मानार्थ नटराजन यांनी 1979 मध्ये दक्षिण भारतातून वर्णन केलेल्या हाइमी या जातीला देठावर पक्कं कडं असतंच. कडं पाहून फरक करायला गेलं असतं तर मीही फसले असते.

मी विचारलं, "पण काकू, वारूळ कुठे होतं?"

"शहरात वारूळ कोठून दिसन, बाई? पोरं खेळतात, माती सारखी करतात. वारूळ खाली असंन असं वाटलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तेही शास्त्राला धरून आहे. सात्या ज्या वाळवीच्या घरात वाढतात ती वाळवी जमिनीखाली कवकाची बाग करते, चघळलेल्या पाल्यापाचोळ्याच्या स्पंजासारख्या पोळ्यांवर. त्या बागेवर नेहमीच वारुळाचा उंचवटा असतो असं नाही. सपाट जमिनीतूनही सात्या येतात.

"आणि मूळ?"

इथे त्या थांबल्या. सात्येचा देठ जमिनीच्या पृष्ठभागाशी संपत नाही. खाली निमुळता होत मुळासारखा थेट त्या बागेपर्यंत जातो, कधी वीतभर, कधी हातभर. गावाकडे काकूंची आई काठीने माती उकरून मुळासकट सात्या काढायची. "मूळ तुटलं तं मी म्हटलं तुटलं असंन. नेहमीच तुटते." ओच्यातल्या चोवीसही छत्र्यांचं मूळ तुटलं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात एकीलाही मूळ नव्हतं. बुडं गोल होती, आणि गोल बूड तुटत नाही.

दुसरी खूण टोपीच्या माथ्यावर होती. सात्येच्या माथ्यावर टोकदार कडक उंचवटा असतो, कारण खोलवरून घट्ट माती फोडत तिला वर यायचं असतं. मैदानातल्या छत्रीचा माथा बोथट असतो, तिला जेमतेम दोन बोटं मातीतून यायचं असतं. आणि खवले: काकूंना ते दिसले होते, पण चार दिवसांच्या झडीनंतर ती माती वाटली आणि धुताना त्या चोळल्या गेल्या.

मग त्यांनी घरी केलेली खात्री. भाजीत सोललेला लसूण टाकला, तो काळा पडला नाही. छत्रीत बारीक अळ्या होत्या, म्हणजे किडे खातात, म्हणजे चांगली. टोपीचं साल सहज निघालं. चांदीचा शिक्का टाकणारेही मला माहीत आहेत. यांतल्या एकाही परीक्षेचा विषाशी संबंध नाही. छत्रीत पडणाऱ्या अळ्यांना आपल्याला बाधणारी विषं बाधत नाहीत. लसूण आणि चांदी काळी पडायची कारणं वेगळी आहेत. ही जात शिजवूनही लोक आजारी पडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे चांगलं शिजलं होतं हेही कामाचं नाही.

मला जो प्रश्न सोडत नव्हता त्याचं उत्तर त्या बसण्यात मिळालं, आणि ते मला आवडलं नाही. मी रविवारी सकाळी फाटकाशी थांबून ओचा उघडून पाहिला असता, तरी कल्ले पांढरेच होते. खवल्यांवरून मला शंका आली असती, मी "आज शिजवू नका, उद्या सांगते" म्हटलं असतं. पण साठ वर्षं सात्या ओळखणाऱ्या बाईला कल्ल्याचा रंग दाखवून पटवता आलं नसतं. मला तरी निश्चित सांगायला रात्र लागली. कोवळ्या छत्रीत बीजाणू पिकलेले नसतात, आणि खाण्यासाठी माणूस कोवळीच निवडतो. भाजीला चांगली तीच ओळखायला कठीण.

भाद्रपदात

गणपतीनंतर काकू गावी गेल्या. आठ दिवसांनी परतल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. पळसाच्या पानात गुंडाळलेल्या सात्या होत्या, पाच, मुळासकट. एकीचं मूळ माझ्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत आलं, खाली काळं होत गेलेलं, टोकाला वाळवीच्या बागेचा भुगा चिकटलेला. माथ्यावर टोक इतकं कडक की नखाने दाबून पाहावं लागलं.

"तुमचा तो कागद लावा," काकू म्हणाल्या.

एक टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवली, वाटी झाकली. काकूंनी स्वतः पाण्याचा थेंब टाकला. सकाळी त्या चहाच्या आधीच आल्या. ठसा मळकट गुलाबी होता, सायीत किंचित गेरू कालवल्यासारखा. मी वहीतून श्रावणातला कागद काढून शेजारी ठेवला. हिरवा आता थोडा मातकट झाला होता, पण हिरवाच होता. काकूंनी दोन्ही कागद खिडकीशी नेले आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

उरलेल्या चार सात्यांची भाजी त्यांनी त्या दिवशी केली आणि एक वाटी मला पाठवली. मुलाने खाल्ली. नातवाने ताट बाजूला सारलं, आणि त्याला कोणी आग्रह केला नाही.